फ्लॅशर तिसऱ्यांदा बदलू नका

पत्र

सप्रेम नमस्कार. माझ्याकडे २००६ ची मारुती ८०० आहे. गाडी बाबांची. ते आता चालवत नाहीत, मी चालवते. मांद्रेहून म्हापशाला शाळेत जायचं आणि परत यायचं, एवढंच तिचं काम. गेल्या पावसाळ्यापासून इंडिकेटर कधी लागतात, कधी लागत नाहीत. लिव्हर खाली केला तरी टिकटिक नाही, डॅशबोर्डवरचा बाणही पेटत नाही. डावीकडे नाही, उजवीकडेही नाही. थोडं पुढे गेलं की आपोआप चालू. कधी वैतागून हॅझार्डचं बटण दोनदा दाबते, मग दिवसभर बरं असतं. हॅझार्ड मात्र केव्हाही दाबा, चारही दिवे लागतात. पाऊस असला की आणखी एक भानगड: डावा इंडिकेटर भरभर उघडझाप करायला लागतो, आणि माझ्या मागून स्कूटरवर येणाऱ्या सहकारी बाईंनी सांगितलं की ब्रेक दाबला की मागचा डावा दिवा विचित्रच दिसतो. इलेक्ट्रिशियनकडे नेली की सगळं छान चालतं! त्याने दोनदा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी ती डबी) बदलला, चारही बल्ब बदलले. आता म्हणतो, वायरिंगच नवं घालूया. भाऊ म्हणतो, एलईडी घाल. यजमान म्हणतात, विकून टाक. नोंदणीचं नूतनीकरणही जवळ आलं आहे. काय करू?

एक शिक्षिका, मांद्रे (पेडणे)

उत्तर

वायरिंग बदलू नका. एलईडी घालू नका. गाडी विकायची की ठेवायची हा तुमच्या घरातला विषय, पण इंडिकेटरपायी विकण्याची वेळ आलेली नाही.

हॅझार्डचं बटण दोनदा दाबलं की दिवसभर बरं असतं, हे तुम्ही ओघात लिहून गेलात. इलेक्ट्रिशियनला हे सांगितलं होतंत का? बहुधा नसावं. नाहीतर दुसरा फ्लॅशर घालण्याआधी तो थबकला असता. आणि जी भानगड तुम्ही 'आणखी एक' म्हणून शेवटी जोडलीत, ती मुळात वेगळीच तक्रार आहे. तुमच्या गाडीला दुखणी दोन आहेत, दोन्ही इंडिकेटरमध्येच दिसतात, म्हणून सगळे त्यांच्यावर एकच औषध शोधत बसले आहेत. पहिलं दोन्ही बाजूंचं, पाऊस असो वा नसो. दुसरं फक्त डावीकडचं, आणि ते भिजल्यावरच उठतं. पहिल्यावर उपाय केला तरी दुसरं राहतं आणि 'काहीच फरक पडला नाही' असं वाटतं. ही दोन वेगळी केलीत की अर्धं काम झालं.

आधी वीज कोणत्या वाटेने फिरते ते बघू. किल्ली फिरवली की बॅटरीतून इग्निशन स्विच, तिथून इंडिकेटरचा फ्यूज, फ्यूजमधून हॅझार्डचं बटण, बटणातून फ्लॅशर, फ्लॅशरमधून स्टिअरिंगखालचा लिव्हर. डावीकडे जायचं की उजवीकडे, ते लिव्हर ठरवतो. मग पुढचा आणि मागचा बल्ब, आणि बल्बमधून गाडीच्या पत्र्यावाटे परत बॅटरीच्या निगेटिव्हला.

या साखळीत हॅझार्डचं बटण मध्येच कशाला, असा प्रश्न पडेल. तुमच्या गाडीच्या पिढीतल्या बऱ्याच गाड्यांत एकच फ्लॅशर दोन्ही कामं करतो. साधा इंडिकेटर किल्ली चालू असतानाच लागतो, हॅझार्ड मात्र किल्ली काढून खिशात घातली तरी लागायला हवा. म्हणजे फ्लॅशरला वीज पोचवणाऱ्या दोन वाटा लागतात आणि त्यातली कुठली जोडायची ते हे बटण ठरवतं. बटण बाहेर असताना किल्लीकडून आलेली वीज त्याच्या आतल्या संपर्कांतून फ्लॅशरकडे जाते. बटण आत दाबलं की ती वाट तुटते आणि थेट बॅटरीकडची वाट जोडली जाते. थोडक्यात, तुम्ही हॅझार्डला हातही लावत नसता तेव्हासुद्धा तुमचा रोजचा इंडिकेटर त्या बटणाच्या पोटातून जात असतो.

आता मांद्र्याची हवा लक्षात घ्या. समुद्राचा खार, जून ते सप्टेंबर घरातल्या चामड्याच्या चपलेलाही बुरशी धरवणारा दमटपणा, आणि उन्हाळ्यात तांबड्या मातीची बारीक धूळ. हॅझार्डचं बटण वर्षात कितीदा हलतं? गाडी बंद पडली तरच. न हलणाऱ्या संपर्कावर काळा थर चढतो, तो घासला जात नाही, आणि वीज लहर लागेल तशी जाते किंवा जात नाही. रस्त्यावरच्या हादऱ्याने संपर्क किंचित सरकला की टिकटिक 'आपोआप' सुरू होते. तुम्ही बटण दोनदा दाबता तेव्हा संपर्क एकमेकांवर घासतात, थर थोडा खरवडला जातो, आणि त्या दिवसापुरतं भागतं. हॅझार्ड कधीच दगा देत नाही कारण त्याच्या वाटेचे संपर्क वेगळे. फ्लॅशर बिघडला असता तर हॅझार्डही अडखळला असता, चारही बल्ब नीट लागतात म्हणजे त्यांच्यापर्यंतच्या ताराही शाबूत आहेत. दोन फ्लॅशरचे पैसे म्हणून वाया गेले.

हा अंदाज पक्का करायला खर्च नाही, पण बिघाड चालू असताना गाडी थांबवावी लागेल. शिवोलीच्या बाजारात नव्हे. चोपडे पुलाच्या अलीकडे-पलीकडे कुठे तरी रुंद, मोकळी जागा बघा. किल्ली चालूच ठेवा, इंजिन बंद असलं तरी चालेल. लिव्हर उजवीकडे करून ठेवा. आता हॅझार्डचं बटण पूर्ण न दाबता बोटाने नुसतं हलवा, किंचित दाबून सोडा, कडेला ढकला. टिकटिक आली तर चोर सापडला. नाही आली तर बटण सोडून लिव्हरकडे या: तो ज्या बाजूला आहे त्याच बाजूला हलकेच आणखी रेटून बघा. त्याने चालू झालं तर दोष स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमध्ये, म्हणजे लिव्हर ज्याला जोडलेला असतो त्या स्विचमध्ये. तेही नाही, तर किल्ली अगदी थोडी इकडेतिकडे हलवा. जुना इग्निशन स्विच झिजला की किल्ली एका विशिष्ट कोनात असतानाच सगळं चालतं, आणि जड जुडगा लटकवणाऱ्यांच्या गाडीत हे हमखास होतं. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, एवढं पथ्य पाळा. लोक चिडून एका हाताने लिव्हर झटकतात, दुसऱ्याने डॅशबोर्डवर थाप मारतात, दिवा लागतो, आणि कशाने लागला ते कुणालाच कळत नाही.

फ्यूजही याच रांगेत येतो. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर इंडिकेटरच्या फ्यूजवर आणखी कोण कोण आहे ते छापलेलं असतं. समजा रिव्हर्सचा दिवा त्याच फ्यूजवर असेल, तर इंडिकेटर रुसलेला असताना गाडी रिव्हर्समध्ये टाका आणि कुणाला तरी मागे बघायला सांगा. रिव्हर्सचा दिवाही मेलेला असेल तर बिघाड फ्यूजमध्ये किंवा त्याच्याही आधी. तो लागत असेल तर फ्यूज ठीक, पुढे शोधा. फ्यूज काढून नुसता डोळ्यांसमोर धरून 'जळलेला नाही' म्हणणं पुरेसं नसतं. त्याच्या पायांवर हिरवट-पांढरी पूड असेल किंवा बॉक्समधली पकड सैल झाली असेल तरी वीज अडते. पाय पॉलिश पेपरने हलके घासा, पकड सैल वाटली तर घट्ट करून घ्या. आणि झाकणावर जेवढे अँपिअर लिहिलेत तेवढाच फ्यूज. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची कला आपल्याकडे अजून जिवंत आहे. तिच्यामुळे गाड्या जळतात.

बटणच दोषी ठरलं, आणि मला तसंच वाटतं, तर पुढचं काम तासाभराचं आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढायची. मग बटण बाहेर काढायचं. काही गाड्यांत ते डॅशबोर्डवर नुसतं खटक्याने बसवलेलं असतं, काहींत स्टिअरिंग कॉलमच्या झाकणात. ज्यांच्या गाडीत एअरबॅग आहे त्यांनी स्टिअरिंगच्या आसपास स्वतः हात घालू नये. तुमच्या ८०० मध्ये ती अडचण नाही. बटणात इलेक्ट्रिकल काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारा. स्पेअरच्या दुकानात आणि मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडेही तो मिळतो, डब्यावर प्लॅस्टिकला चालतो असं लिहिलेलं बघून घ्या. फवारल्यावर बटण वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर करा, पुन्हा फवारा, वाळू द्या. मागे येणारा कपलर, म्हणजे तारांचा प्लॅस्टिकचा जोड, त्याच्या पिनांनाही तेच. हिरव्या झालेल्या पिना असतील तर जुन्या टूथब्रशने घासा.

गंज सोडवणारा साधा तेलकट स्प्रे बटणात मारू नका. सुरुवातीला चालल्यासारखं वाटतं, मग त्या तेलावर धूळ बसते आणि दुखणं दुप्पट होतं. पेट्रोलने धुवायची सूचना कुणी केली तर त्याला चहा पाजून निरोप द्या. आणि खोबरेल तेलही नको. आपल्याकडे बिजागरीपासून शिलाई मशिनपर्यंत सगळ्याला खोबरेल चालतं, हे खरं. विजेच्या संपर्काला नाही.

साफ केल्यावर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच सुरू झालं तर संपर्क नुसते मळलेले नाहीत, जळून खड्डे पडलेले आहेत. मग सरळ नवं बटण घ्या. ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तरी रस्त्यावर त्या अजून इतक्या आहेत की भाग मिळणं कठीण जात नाही. म्हापशात विचारा, नाही तर मडगावला. जुनं बटण सोबत न्या, कारण वेगवेगळ्या वर्षांच्या मॉडेलचे कपलर वेगळे निघतात आणि तोंडी वर्णनाने दुकानदार हमखास दुसरंच देतो.

आता ते डावीकडचं. मला विचाराल तर हे जास्त काळजीचं, कारण यात ब्रेकचा दिवाही गुंतलाय.

मागच्या दिव्याच्या डब्यात ब्रेक, टेल आणि इंडिकेटर असे दिवे शेजारी शेजारी असतात. प्रत्येकाला वीज आणणारी तार वेगळी, पण वापरलेली वीज परत नेणारी, म्हणजे अर्थिंगची, सगळ्यांना मिळून एकच. ती कुठे तरी डिकीच्या आत पत्र्याला बोल्टने कसलेली असते. तो बोल्ट गंजला, किंवा होल्डरमधली अर्थिंगची पट्टी सडली, की इंडिकेटरच्या विजेला परतीचा रस्ता मिळत नाही. मग ती आडवाटेने जाते: शेजारच्या ब्रेकच्या किंवा टेलच्या बल्बच्या तारेतून उलटी शिरते आणि उजव्या दिव्याच्या अर्थिंगमधून परत येते. वाटेत दोन-दोन फिलामेंट लागल्यामुळे सगळेच मिणमिणतात. इंडिकेटरसोबत टेलचा दिवाही लुकलुकतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर मंदावतो किंवा थांबतो. तुमच्या सहकारी बाईंना 'विचित्र' दिसलं ते हेच असावं. त्यांना नीट विचारा: ब्रेक दाबल्यावर दिवा मंद दिसतो, की लुकलुकतो, की शेजारचाच एखादा दिवा पेटतो? त्यांचं उत्तर इलेक्ट्रिशियनच्या तासभराच्या शोधाइतकं मोलाचं आहे.

भरभर उघडझाप का, तेही यातच आलं. पुढचा एक आणि मागचा एक असे २१ वॉटचे दोन बल्ब मिळून १२ व्होल्टला साधारण साडेतीन अँपिअर वीज खेचतात. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर हा आकडा ओळखतो. एक बल्ब मेला किंवा त्याची वीज अडली की आकडा जवळजवळ अर्ध्यावर येतो, आणि फ्लॅशर मुद्दाम वेग वाढवून चालकाला कळवतो की या बाजूला काही तरी गडबड आहे. म्हणजे तुमचा फ्लॅशर त्याचं काम चोख करत होता, आणि त्यालाच बदललं गेलं.

(पद्मिनी किंवा अँबॅसेडर बाळगून असलेल्यांसाठी: तुमच्याकडे अजून मूळचा, तापून वाकणाऱ्या पट्टीचा फ्लॅशर असेल तर लक्षणं उलटी दिसतील. त्यात वीज कमी पडली की पट्टी पुरेशी तापत नाही, आणि दिवा सावकाश लुकलुकतो किंवा पेटून तसाच राहतो. इंजिन मंद चालू असताना, हेडलाइट आणि वायपर दोन्ही लावलेले असताना इंडिकेटर रेंगाळत असेल, तर दिव्यांच्या आधी बॅटरी आणि अल्टरनेटर तपासा. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत.)

पावसात उठणारं दुखणं उन्हात इलेक्ट्रिशियनला कसं दिसणार? त्याच्याकडे जाईपर्यंत डबा वाळलेला असतो. त्यामुळे पाऊस तुम्हीच पाडा. अंगणात गाडी उभी करा, किल्ली चालू, डावा इंडिकेटर चालू, आणि बागेच्या नळीने मागच्या डाव्या दिव्यावर दहा मिनिटं पाणी सोडा. वरून, कडेने, डिकीच्या झाकणाच्या फटीत. भरभर टिकटिक सुरू झाली की पाणी बंद. आता डिकी उघडून एक हातभर लांबीची तार घ्या, दोन्ही टोकं सोललेली. एक टोक होल्डरच्या अर्थिंगच्या जागी लावा, दुसरं डिकीतल्या एखाद्या स्वच्छ, रंग नसलेल्या बोल्टला. तार नेमकी अर्थिंगलाच लावा. वीज आणणाऱ्या टोकाला लागली तर फ्यूज जाईल. खात्री नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. तार लावताच टिकटिक ठिकाणावर आली आणि ब्रेकचा दिवाही सरळ वागायला लागला, तर अर्थिंगच दोषी. मल्टिमीटर असेल तर दिवे पेटलेले असताना होल्डरचं अर्थिंग आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये व्होल्ट मोजा. ०.२ पेक्षा जास्त दिसले तर वाट खराब. दिवे बंद ठेवून, तार जोडलेली आहे असं सांगणारा मीटरचा नुसता 'बीप' ऐकणं इथे फसवं ठरतं. तारेचा एक केस उरलेला असला तरी मीटर बीप देतं, पण त्या केसातून बल्बपुरती वीज जात नाही.

दुरुस्ती अशी. दिव्याचा डबा पूर्ण उतरवायचा. काचेच्या कडेचं रबर बघायचं, ते कडक होऊन तडकलेलं असेल तर पाणी तिथूनच येतंय. नवं रबर मिळालं नाही तर सिलिकॉन सीलंट चालेल, फक्त डब्याच्या तळाचं पाणी निघायचं भोक बुजवू नका. मी पाहिलेल्या कित्येक गाड्यांत हे भोक 'बंदोबस्त' म्हणून बुजवलेलं असतं आणि आत मासे पाळता येतील इतकं पाणी साठतं. होल्डर घासून स्वच्छ करा, आतल्या स्प्रिंगने बल्ब घट्ट धरायला हवा. अर्थिंगचा बोल्ट काढा, थिंबल (तारेच्या टोकाचं धातूचं कडं) आणि खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून कसा, आणि कसल्यानंतर वरून पेट्रोलियम जेलीचा थर द्या. आधी जेली आणि मग बोल्ट, असं नको. थिंबलजवळची तार सोलून बघा. तांबं काळं पडलं असेल तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा आणि नवं थिंबल दाबून लावा. नुसत्या पिळ्यावर काळी टेप गुंडाळून सोडलेला जोड किनाऱ्यावरच्या गाडीत टिकत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात टेपचा गोंद वितळतो, जूनमध्ये आत पाणी शिरतं. तापवून आवळणारी नळी मागा, म्हणजे हीट श्रिंक. ती महागही नाही.

हे करतानाच उजव्या बाजूचा डबाही उघडून बघा. वय दोघांचं सारखंच.

गाडी फणसाच्या किंवा आंब्याच्या झाडाखाली लावत असाल तर वायपरच्या खालच्या जाळीतला पाला काढत जा. तिथली पन्हळ तुंबली की पावसाचं पाणी डॅशबोर्डच्या मागे उतरतं, आणि मग एकेक वीजयंत्र रुसायला लागतं. शिवाय त्या पाल्यात उंदीर घर करतात. पावसाळ्यात त्यांना बोनेटखालची ऊब आवडते आणि तारांवरचं प्लॅस्टिक कुरतडायलाही आवडतं.

इलेक्ट्रिशियनशी कसं बोलायचं हेही सांगतो, कारण खरी गल्लत तिथे झाली आहे. 'इंडिकेटर चालत नाही' असं म्हटलंत की तो लिव्हर खाली करतो, दिवा लागतो, आणि त्याला काही तरी करून दाखवणं भाग पडतं, म्हणून फ्लॅशर. तुम्ही शाळेत आहात, कागदावर दोन रकाने आखणं तुम्हाला जड नाही. एकात 'दोन्ही बाजू बंद, टिकटिक नाही, हॅझार्ड चालतो, बटण दाबलं की सुरू'. दुसऱ्यात 'फक्त डावी, पावसात, टिकटिक भरभर, ब्रेक दाबल्यावर दिवा बदलतो'. हा कागद त्याच्या हातात द्या आणि सांगा: आधी हॅझार्डचं बटण साफ करा, मग मागच्या डाव्या दिव्याचं अर्थिंग, आणि माझ्याशी बोलल्याशिवाय नवा भाग घालू नका. काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागा. गॅरेजमध्ये बाईमाणसाला 'यजमानांना पाठवा, त्यांना समजावतो' असं ऐकवणारे अजून भेटतात. असा भेटला तर गॅरेज बदला, कारण ज्याला तक्रार ऐकून घ्यायची नाही त्याच्याकडून लपंडाव खेळणारा बिघाड सापडत नाही.

भावाला सांगा, एलईडीचा विचार चांगल्या हेतूचा पण इथे उलटा पडेल. एलईडी इतकी कमी वीज खेचतो की तुमचा फ्लॅशर त्याला मेलेला बल्ब समजेल आणि दोन्ही बाजू कायमच्या भरभर लुकलुकतील. मग त्यासाठी वेगळा फ्लॅशर किंवा रेझिस्टर, आणि सडलेलं अर्थिंग होतं तिथेच. पूर्ण वायरिंगचं तर नावच नको. कारखान्यात बसवलेला तारांचा जुडगा हाताने बांधलेल्या नव्या जुडग्यापेक्षा बहुतेक वेळा जास्त भरवशाचा असतो. तारा जळलेल्या किंवा उंदरांनी खाल्लेल्या असतील तर गोष्ट वेगळी.

दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवावी लागणारच. रोज निघण्याआधी हॅझार्ड दोन-तीनदा आत-बाहेर करा, मग दोन्ही इंडिकेटर लावून बघा. तरी वाटेत दगा दिला तर हाताने इशारा: उजवीकडे वळताना उजवा हात खिडकीबाहेर सरळ लांब, डावीकडे वळताना तोच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवायचा. कायद्याने हे आजही चालतं. पण शिवोलीच्या अरुंद वळणावर भाड्याच्या स्कूटरवरून येणारा पाहुणा हा इशारा ओळखेल यावर विसंबू नका. तो समजेल तुम्ही त्याला हात दाखवताय, आणि उलट हात दाखवून शेजारून निघून जाईल. वेग आधीच कमी करा आणि आरशात बघून मगच वळा. वळायचं म्हणून हॅझार्ड मात्र लावू नका. चारही दिवे लुकलुकले की मागच्याला कुठे वळताय ते कळत नाही.

राहिलं नूतनीकरण. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची, त्यानंतर तपासणी करून ५-५ वर्षांनी वाढवून मिळते. तुमची २००६ ची, म्हणजे २०२१ मध्ये एकदा झालेली असणार आणि आताची दुसरी. तपासणीत दिवे बघतातच. इंडिकेटर पिवळा-नारिंगी दिसला पाहिजे आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे, असं मोटार वाहन नियमांत आहे. घड्याळ लावून स्वतः मोजा, एका बाजूला एक मिनिट. काच उन्हाने फिकट पडून उजेड पांढरट दिसत असेल तर ती काच किंवा आतला नारिंगी बल्ब बदलून घ्या. आणि तपासणीला भर पावसातल्या दिवशी जायची वेळ आली तर आदल्या संध्याकाळी नळीची ती परीक्षा आणखी एकदा करा, दोन्ही बाजूंना.